अर्धशिशी की क्लस्टर डोकेदुखी?

चंद्रपूर, प्रतिनिधी

डोक्याची एकच बाजू ठणकू लागली की मराठी घरांत त्या दुखण्याला एकच नाव मिळते, ते म्हणजे अर्धशिशी. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलव्याप्त जिल्ह्यांत त्याआधी आणखी दोन शक्यता बोलून दाखविल्या जातात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असेल तर ‘ऊन लागले’ आणि पावसाळा सुरू झालेला असेल तर ‘मलेरिया तपासून घ्या’. ही तिन्ही अनुमाने अनेकदा खरीही ठरतात. परंतु अर्धशिशीच्या नावाखाली एक निराळाच आजार वर्षानुवर्षे दडून राहतो. त्याचे रुग्ण थोडे, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. त्याच्या वेदना मात्र माणसाला सोसाव्या लागणाऱ्या अत्यंत तीव्र वेदनांमध्ये गणल्या जातात. या आजाराचे नाव क्लस्टर डोकेदुखी.

या दोन आजारांत गल्लत झाली तर केवळ नाव चुकत नाही, औषधही चुकते. अर्धशिशीवर, म्हणजेच मायग्रेनवर, लवकर घेतलेली साधी वेदनाशामक गोळी पुष्कळदा गुण देते. क्लस्टर डोकेदुखीत तीच गोळी पोटात विरघळून रक्तात उतरेपर्यंत वेदनेचा झटका संपत आलेला असतो. गोळी निरुपयोगी ठरते, रुग्ण दुसरी घेतो, मग तिसरी घेतो. वास्तविक या आजाराच्या झटक्यावरचा एक अत्यंत परिणामकारक उपाय गोळीच्या रूपात नाहीच. तो आहे ऑक्सिजन, आणि त्याचे सिलिंडर आपल्या ग्रामीण रुग्णालयांत उभे असतात. अडते ते आजार ओळखण्यापाशी. ही ओळख कोणत्याही यंत्राने होत नाही. ती नेमके प्रश्न विचारून होते, आणि हे प्रश्न मूल, सिरोंचा किंवा धानोरा येथेही तितक्याच चांगल्या रीतीने विचारता येतात जितके ते नागपुरात किंवा मुंबईत विचारले जातात.

दोन रुग्ण, दोन चित्रे

कल्पना करा की आरमोरीतील एका शिक्षिकेचे सकाळपासून डोके जड आहे. आदल्या रात्री जागरण झाले, सकाळी उपाशीपोटी शाळा गाठली, परतताना ऊन होते. दुपारपर्यंत डाव्या कानशिलात ठोके पडू लागतात. मळमळते, एखादी उलटी होते. स्वयंपाकघरातील फोडणीचा वास नकोसा होतो, मुलांचा आवाज सहन होत नाही. जिना चढला तरी ठणका वाढतो. मग ती खोलीतील पडदे ओढून, डोक्याला ओढणी घट्ट बांधून, निपचित पडून राहते. दुसऱ्या दिवशी दुपारी केव्हातरी डोके उतरते, पण अंगात त्राण उरत नाही. हे मायग्रेनचे जवळपास पाठ्यपुस्तकी चित्र होय.

आता बल्लारपूरच्या एखाद्या कामगाराचे चित्र डोळ्यांसमोर आणा. वय पस्तिशीच्या आसपास. झोप लागून तास-दीड तास झालेला असतो आणि उजव्या डोळ्याच्या मागे कोणीतरी तापलेली सळई खुपसावी तशा वेदनेने तो उठून बसतो. काही मिनिटांत वेदना शिगेला पोहोचते. उजवा डोळा लाल होतो, त्यातून पाणी वाहू लागते, उजवी नाकपुडी चोंदते किंवा गळू लागते, पापणी अर्धवट खाली येते. तो अंथरुणावर थांबूच शकत नाही. अंगणात येरझाऱ्या घालतो, डोके दाबून धरतो, कधी भिंतीवर आपटतो. तासाभराने सारे शांत होते, जणू काही घडलेच नव्हते. दुसऱ्या रात्री जवळजवळ त्याच वेळेला तो पुन्हा उठतो. असे सहा-आठ आठवडे चालते आणि एके दिवशी आपोआप थांबते. पुढे कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षे, काहीही होत नाही. मग पुन्हा पहिला झटका येतो.

क्लस्टर म्हणजे घोस. झटके असे घोसाघोसाने येतात, म्हणून हे नाव पडले. मराठीत त्याला रूढ प्रतिशब्द अजून मिळालेला नाही आणि आजार न ओळखला जाण्याचे ते एक लहानसे कारण असावे. ज्या दुखण्याला घरात नाव नाही, त्याला शेजारच्या दुखण्याचे नाव चिकटते.

घड्याळ काय सांगते?

आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या वर्गीकरणाची तिसरी आवृत्ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही आजारांचे निकष त्यात दिलेले आहेत आणि त्यांतला सर्वांत सोपा, कोणालाही तपासता येण्याजोगा निकष वेळेचा आहे. उपचार न केल्यास मायग्रेनचा झटका प्रौढ व्यक्तीत ४ ते ७२ तास टिकतो. क्लस्टरचा झटका १५ मिनिटे ते ३ तास टिकतो, त्याहून अधिक नाही. मायग्रेन महिन्यातून एकदा, दोनदा, फारतर आठवड्यातून काही वेळा येतो. क्लस्टरचा घोस चालू असताना एक दिवसाआड एक झटका ते एका दिवसात आठ झटके इतके प्रमाण असू शकते.

तेव्हा ‘डोके किती दिवसांपासून दुखते?’ हा नेहमीचा प्रश्न अपुरा आहे. क्लस्टरचा रुग्ण त्यावर ‘महिनाभरापासून’ असे उत्तर देईल आणि ऐकणारा महिनाभर सतत डोके दुखत असल्याचे समजेल. विचारायला हवे ते असे, की एकदा सुरू झालेले दुखणे किती वेळाने पूर्ण थांबते? थांबल्यावर डोके अगदी मोकळे होते का? दिवसातून किती वेळा? ठरावीक वेळेला येते का? या चार प्रश्नांनीच निम्मे काम होते.

दुसरी कसोटी हालचालीची. मायग्रेनचा रुग्ण हालचाल टाळतो, क्लस्टरचा रुग्ण स्थिर राहू शकत नाही. घरातल्या माणसांना हे सहज सांगता येते. रुग्णाला स्वतःला त्या क्षणी कशाचेच भान नसते, म्हणून पत्नीला, आईला किंवा भावाला ‘दुखताना हे काय करतात?’ असे विचारणे अधिक उपयोगी. आजकाल प्रत्येक घरात मोबाइल आहे. एका झटक्याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत डॉक्टरांना दाखविली तर कित्येक कागदांचे काम ती करते.

तिसरी कसोटी डोळा आणि नाक. वेदना ज्या बाजूला, त्याच बाजूचा डोळा लाल होणे, पाणावणे, पापणी सुजणे किंवा खाली येणे, बाहुली लहान होणे, त्याच बाजूची नाकपुडी चोंदणे किंवा वाहणे, कपाळावर घाम येणे, यांपैकी काही ना काही क्लस्टरमध्ये दिसते. येथे सावध राहावे लागते, कारण काही मायग्रेनच्या रुग्णांचेही डोळे पाणावतात. फरक असा की त्यांच्यात ते बहुधा सौम्य आणि अनेकदा दोन्ही बाजूंना असते. उलट, उजेडाचा त्रास आणि मळमळ ही मायग्रेनची मानली जाणारी लक्षणे क्लस्टरच्या काही रुग्णांतही आढळतात. म्हणूनच एकाच लक्षणावर बोट ठेवून निदान करू नये. वेळ, हालचाल आणि डोळा या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्यात.

डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसणे, नजरेचा काही भाग अंधुक होणे, हाताला किंवा ओठाला मुंग्या येणे आणि पाच मिनिटे ते तासाभरात हे ओसरून डोके दुखू लागणे, ही मात्र विशेषेकरून मायग्रेनची पूर्वसूचना असते. ती सर्वच रुग्णांना मिळत नाही.

स्त्री-पुरुष प्रमाणही उलटसुलट आहे. मायग्रेन स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे तिप्पट, तर क्लस्टर पुरुषांमध्ये सुमारे तिप्पट. पूर्वी क्लस्टर हा जवळजवळ पुरुषांचाच आजार समजला जाई. परिणामी तो झालेल्या स्त्रीला ‘तुम्हाला मायग्रेनच असणार’ असे सांगून परत पाठविले गेल्याची उदाहरणे जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात विपुल आहेत. प्रमाण हे प्रमाण असते, पुरावा नव्हे.

दारूबंदीच्या जिल्ह्यातील अवघड प्रश्न

निदानास मदत करणारा आणखी एक प्रश्न आहे आणि तो या भागात विचारणे व त्याचे खरे उत्तर मिळणे दोन्ही कठीण. घोस चालू असताना थोडीशी दारूही क्लस्टरचा झटका आणू शकते, तोही बहुधा तासाभराच्या आत. घोस संपल्यावर तीच दारू घेऊन डोके दुखत नाही. मायग्रेनच्याही काही रुग्णांना मद्याचा त्रास होतो, पण तो सहसा काही तासांनी जाणवतो आणि त्याचा असा चालू-बंद स्वभाव नसतो.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठविण्यात आली. बंदी असलेल्या जिल्ह्यात, सरकारी दवाखान्याच्या बाकावर, दहा माणसांसमोर ‘मोहाची घेतली होती’ असे कोण कबूल करील? डॉक्टरांनीही हा प्रश्न उपदेशाच्या सुरात विचारला तर नकारार्थी उत्तर ठरलेलेच. प्रश्न एकांतात आणि ‘हे निदानासाठी विचारतो आहे’ असे सांगून विचारला पाहिजे. रुग्णांच्या बाजूनेही सांगावेसे वाटते, की येथे लपविलेली माहिती त्यांनाच महागात पडते. दारूमुळे हा आजार जडत नाही. घोस चालू असताना ती वर्ज्य करणे मात्र अत्यावश्यक असते.

तंबाखूचे नाते अधिक गुंतागुंतीचे आहे. क्लस्टरच्या रुग्णांत धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण जास्त आढळते, परंतु धूम्रपान सोडल्याने झटके थांबतात असे सिद्ध झालेले नाही. विडी आणि खर्रा सोडण्याची इतर कारणे पुष्कळ आहेत, त्यासाठी या आजाराची साक्ष काढण्याची गरज नाही.

मेंदूतील घड्याळ

झटके ठरावीक वेळी का येतात, या प्रश्नाने संशोधकांना दीर्घकाळ कोड्यात टाकले होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग असतो. झोप-जाग, भूक, शरीराचे तापमान यांचे दैनंदिन वेळापत्रक तो सांभाळतो. १९९८ मध्ये अर्ने मे, पीटर गोड्सबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटका चालू असताना रुग्णांच्या मेंदूची पेट तंत्राने छायाचित्रे घेतली, तेव्हा दुखऱ्या बाजूच्या हायपोथॅलॅमसच्या भागात वाढलेली हालचाल दिसून आली. घड्याळ्याच्या काट्यावर येणाऱ्या या दुखण्याचा धागा अशा रीतीने शरीराच्या घड्याळाशीच जुळला. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणारी त्रिशाखी चेता, म्हणजे ट्रायजेमिनल नर्व्ह, वेदना पोहोचविते, आणि तिच्याशी जोडलेल्या प्रतिक्षिप्त क्रियेमुळे डोळा व नाक वाहू लागते.

हीच चेता मायग्रेनमध्येही गुंतलेली असते, म्हणून दोन्ही दुखणी बाहेरून एकसारखी भासतात. या चेतेतून स्रवणाऱ्या सीजीआरपी नावाच्या रसायनाचे मायग्रेनमधील कार्य उलगडल्याबद्दल गोड्सबी यांच्यासह चार शास्त्रज्ञांना २०२१ चा ‘ब्रेन प्राइझ’ हा मेंदूविज्ञानातील मानाचा पुरस्कार मिळाला.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनीही डोकेदुखी एकच मानली नव्हती. सुश्रुतसंहितेत शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत अर्धावभेदक आहे आणि सूर्याबरोबर चढत जाऊन सायंकाळी उतरणारा सूर्यावर्तही आहे. वेळेवरून दुखणे ओळखण्याची ही दृष्टी लक्षणीय होय. मात्र यांपैकी अमुक म्हणजेच आजचा क्लस्टर, असा सांधा जोडण्याचा मोह आवरलेला बरा. घराघरांत सूर्योदयापूर्वी दूध-जिलबी खाण्याचा अर्धशिशीवरचा उपाय सांगितला जातो. उपाशीपोटी डोके उठणाऱ्यांना सकाळीच काही खाल्ल्याने बरे वाटत असेल, इतकेच त्याविषयी म्हणता येईल. क्लस्टरचा घोस चालू असता असा कोणताही उपाय केला तरी घोस यथावकाश थांबतोच आणि श्रेय त्या शेवटच्या उपायाला मिळते. मग ती जिलबी असो, पुजाऱ्याचा मंत्र असो किंवा बदललेला चष्मा असो.

चष्म्याचा उल्लेख सहज केलेला नाही. डोळ्यामागे दुखते म्हणून नेत्रतज्ज्ञ, नाक चोंदते म्हणून सायनसचा उपचार, वेदना वरच्या जबड्यात उतरते म्हणून दंतवैद्य, असा या रुग्णांचा प्रवास होतो. निरोगी दात काढून टाकल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पाश्चात्त्य देशांतही योग्य निदान होईपर्यंत कित्येक वर्षे जातात, तेव्हा आपल्या डॉक्टरांनाच दोष देण्यात अर्थ नाही. हजारात साधारण एका व्यक्तीला होणारा हा आजार एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला क्वचितच समोर दिसतो. उलट मायग्रेन सर्वत्र आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संशोधकांचा सहभाग असलेल्या कर्नाटकातील पाहणीत प्रौढांमधील मायग्रेनचे वार्षिक प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास आढळले होते.

आधी हे नाही ना, ते पाहा

मायग्रेन आणि क्लस्टर यांतला भेद करण्यापूर्वी दुखणे या दोहोंपैकीच आहे याची खात्री हवी, आणि आपल्या जिल्ह्यांत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. राज्यातील मलेरियाच्या रुग्णांमध्ये गडचिरोलीचा वाटा अनेक वर्षे मोठा राहिला आहे, आणि येथील मलेरियात मेंदूवर परिणाम करू शकणाऱ्या फाल्सिपेरम प्रकाराचे प्रमाण बरेच आहे. डोकेदुखीसोबत ताप असेल तर प्रथम रक्ताची तपासणी, बाकी सारे नंतर. ही चाचणी गावातील आशा कार्यकर्तीकडेही होऊ शकते. ताप, मान ताठरणे, असंबद्ध बोलणे किंवा झटके येणे यांपैकी काही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका पक्षाघाताचा. ‘सर्च’ या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेत त्यावेळी कार्यरत असलेले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील ८६ गावांत मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले, एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार असल्याचा समज त्याने मोडला. डोकेदुखीशी याचा संबंध असा, की मेंदूतील रक्तस्रावाची सुरुवात अनेकदा अचानक उठलेल्या भयंकर डोकेदुखीने होते. आयुष्यात कधी दुखले नव्हते असे डोके काही क्षणांत असह्य दुखू लागले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळे पडले, बोलणे अडखळले तर ‘अर्धशिशी असेल’ म्हणून झोपून राहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सिकलसेलच्या रुग्णांनी तीव्र डोकेदुखी कधीही अंगावर काढू नये, कारण त्यांच्यात पक्षाघाताची जोखीम अधिक असते.

पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, डोक्याला मार लागल्यानंतरची, गरोदरपणातील किंवा बाळंतपणानंतरची, खोकताना-वाकताना वाढणारी, दिवसेंदिवस बळावत जाणारी डोकेदुखी, या साऱ्यांना तपासणी हवीच. लाल डोळा आणि वेदना यांसोबत नजर धूसर झाली, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. त्यात काही तासांचा विलंबही दृष्टी घालवू शकतो. क्लस्टरचे निदान प्रश्नांवरून होत असले तरी पहिल्या घोसाच्या वेळी एकदा मेंदूचा एमआरआय करावा असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. त्याचा हेतू क्लस्टर दिसावा हा नसतो, त्यासारखे सोंग घेणारी गाठ किंवा रक्तवाहिनीचा दोष नाही ना, हे पाहणे हा असतो.

ऑक्सिजन : पण कसा?

क्लस्टरच्या झटक्यावर ऑक्सिजन उपयोगी पडतो हे १९५० च्या दशकापासून ठाऊक आहे. ठोस पुरावा २००९ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दिला. रुग्णांना झटक्याच्या वेळी मास्कमधून मिनिटाला १२ लिटर या वेगाने पंधरा मिनिटे कधी शुद्ध ऑक्सिजन, तर कधी साधी हवा देण्यात आली. कोणत्या वेळी काय दिले ते त्यांना माहीत नव्हते. ऑक्सिजन दिलेल्या ७८ टक्के झटक्यांत पंधरा मिनिटांत वेदना थांबली किंवा पुरेशी उतरली. साध्या हवेने हे २० टक्क्यांत घडले.

यातील तपशील महत्त्वाचा आहे, कारण ‘ऑक्सिजन लावून पाहिला, फरक पडला नाही’ असे सांगणाऱ्या अनेकांना तो चुकीच्या पद्धतीने मिळालेला असतो. नाकाच्या नळीने मिनिटाला दोन-चार लिटर ऑक्सिजन देऊन भागत नाही. पिशवी असलेला, सोडलेला श्वास परत आत न येऊ देणारा मास्क लागतो, तो चेहऱ्यावर घट्ट बसावा लागतो, प्रवाह मिनिटाला किमान १२ लिटर लागतो आणि झटका सुरू होताच तो मिळावा लागतो. करोनाच्या २०२०-२१ मधील साथीनंतर ठिकठिकाणी पोहोचलेली ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यंत्रे बहुतांशी मिनिटाला पाच ते दहा लिटर देतात. ती येथे अपुरी पडतात, सिलिंडरच हवा. श्वसनाचा जुनाट विकार असणाऱ्यांना शुद्ध ऑक्सिजन इतक्या वेगाने देणे धोक्याचे ठरू शकते, त्यामुळे पहिली वेळ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच असावी. घरी सिलिंडर ठेवणाऱ्याने चूल, विडी आणि उदबत्ती त्यापासून दूर ठेवावी, हे वेगळे सांगायला नको.

सुमात्रिप्टान हे औषध दोन्ही आजारांत वापरले जाते, पण रूप वेगळे. मायग्रेनमध्ये गोळी चालते. क्लस्टरमध्ये त्वचेखालील इंजेक्शन किंवा नाकातील फवारा लागतो, कारण गोळीला वेळ लागतो. हृदयविकार, पक्षाघात झालेल्यांना किंवा रक्तदाब आटोक्यात नसलेल्यांना हे औषध चालत नाही. औषधाच्या दुकानातून अर्धशिशीच्या नावाने मागून घेतल्या जाणाऱ्या अर्गोटॅमीनयुक्त जुन्या गोळ्या त्यासोबत घेणे धोकादायक, आणि गरोदर स्त्रियांना तर त्या पूर्ण वर्ज्य आहेत.

घोस आटोक्यात आणण्यासाठी क्लस्टरमध्ये प्रामुख्याने व्हेरापामिल हे मूळचे हृदयाचे औषध देतात. त्याची मात्रा वाढविताना हृदयाचा आलेख, म्हणजे ईसीजी, पुन्हा पुन्हा काढावा लागतो. ते परिणाम दाखवेपर्यंत काही दिवस स्टेरॉइड किंवा मानेच्या मागील चेतेजवळ इंजेक्शन देतात. मायग्रेन वारंवार येत असेल तर प्रोप्रॅनोलॉल, अॅमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट, फ्लुनारिझीन यांसारख्या औषधांतून रुग्णाची प्रकृती पाहून निवड होते. दम्याच्या रुग्णाला प्रोप्रॅनोलॉल देत नाहीत, हे एक उदाहरण. सीजीआरपीला रोखणारी नवी इंजेक्शने २०१८ पासून मायग्रेनसाठी आली. त्यांपैकी गॅल्कानेझुमॅबला अमेरिकेत २०१९ मध्ये घोसाघोसाने येणाऱ्या क्लस्टरसाठीही मान्यता मिळाली. त्यांची किंमत सामान्य कुटुंबाला परवडण्यासारखी नाही.

मायग्रेनच्या बाबतीत औषधाइतकीच दिनचर्या कामी येते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचायला पहाटेच, न खाता निघणाऱ्या स्त्रिया, मे महिन्यात तेंदूपाने तोडणारे मजूर, कोळसा खाणीत आणि वीज केंद्रात पाळ्या बदलत काम करणारे कर्मचारी यांच्याकडे उपास, ऊन, कमी पाणी आणि मोडलेली झोप ही मायग्रेनला चेतविणारी सारी कारणे एकत्र येतात. निघण्यापूर्वी दोन घास खाणे आणि सोबत पाणी ठेवणे हा उपाय क्षुल्लक वाटला तरी परिणामकारक आहे. गोळ्यांवर मर्यादा हवी. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान वा मिश्र गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच रोज डोके दुखू लागते.

कोठे जावे, काय न्यावे

मेंदूविकारतज्ज्ञ प्रामुख्याने नागपुरात आहेत. चंद्रपूरहून ते अंतर सुमारे १५० किलोमीटर, भामरागडहून त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपुरात ‘मेडिकल’ आणि एम्स आहेत. ई-संजीवनीद्वारे दूरस्थ सल्लाही घेता येतो. प्रवास करावाच लागला तर तो वाया जाऊ नये म्हणून दोन आठवड्यांची नोंदवही बरोबर न्यावी. त्यात झटका कधी सुरू झाला, कधी थांबला, कोणती बाजू, डोळा-नाक कसे होते, झटक्यात बसून होतो की फिरत होतो आणि कोणती गोळी घेतली, इतके लिहिले तरी पुरे.

क्लस्टरच्या झटक्यात जीव नकोसा झाल्याचे रुग्ण बोलून दाखवितात. कुटुंबाने ते अतिशयोक्ती म्हणून उडवून लावू नये, त्या वेळी रुग्णाला एकटे सोडू नये. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

निदान पक्के झाल्यावर तज्ज्ञांकडून एक चिठ्ठी अवश्य लिहून घ्यावी. तीत आजाराचे नाव, ऑक्सिजनचा प्रवाह, मास्कचा प्रकार आणि वेळ नमूद असावी. तिची एक प्रत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात देऊन ठेवावी आणि एक खिशात बाळगावी. रात्री दोन वाजता लाल डोळ्यांनी, नाक पुसत, एका जागी न थांबणारा आणि डोके आपटणारा माणूस दवाखान्याच्या दारात आला, तर पाळीवर असलेल्या परिचारिकेला तो प्यालेला आहे असेच प्रथम वाटेल.